लग्नाचा अंक

उमरठच्या माणसाला तानाजीची गोष्ट सांगायला जाऊ नये. तो शांतपणे ऐकून घेतो, मध्ये एकदा पान जुळवतो आणि तुमचं संपलं की विचारतो, "मंग? पुढं?" बाहेरच्यांची गोष्ट सिंहगडावर संपते. महाराज हळहळतात, पडदा पडतो, लोक चपला शोधायला लागतात. आमच्या खोऱ्यात ती तिथून सुरू होते. उमरठला तानाजीची समाधी आहे, शेजारी शेलारमामांची आहे. सूर्याजीची म्हणून दाखवतात ती जवळच्या साखर गावात. राजगडाकडून केळदच्या बाजूनं मढे घाट उतरून तानाजीचा देह खाली आला, घाटाला नावही त्यावरूनच पडलं, असं म्हातारी माणसं सांगतात. दर माघ वद्य नवमीला पुण्यतिथीसाठी चहूकडून माणूस लोटतो. गडावर काय झालं ते पुस्तकवाल्यांनी लिहिलं. गडावरून जे खाली आलं ते पोलादपूरच्या या कोपऱ्यानं घरात घेतलं.

आमची वाडी उमरठपासून पायी जाण्याच्या अंतरावर. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत कधीतरी तिथं 'गड आला पण सिंह गेला' उभं राहिलं. ते उभं करणारे माझे आजोबा. मुंबईला गिरणीत साचेखात्यात होते, राहायला डिलाईल रोडला गावकीच्या खोलीत. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं. पण पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून झोपायला जागा व्हायची. त्या खोलीत वाचता येणारे दोघं-तिघंच, त्यामुळे पुस्तक एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी भाकरी मोडता मोडता ऐकायचं अशी रीत. हरिभाऊ आपट्यांची ही कादंबरी तशीच ऐकून झाली आणि कुणीतरी म्हणालं, हे आपल्याच गावचं आहे, आपण लावू.

हरि नारायण आपटे पुण्याचे. चुलत्यांनी काढलेल्या आनंदाश्रमाचा कारभार बघायचे, 1890 पासून 'करमणूक' चालवायचे. सामाजिक कादंबऱ्यांत त्यांनी विधवांचं दुःख मांडलं, आणि ऐतिहासिक कादंबरी लिहितानाही ते दुःख त्यांच्या हातून सुटलं नाही, असं मला वाटतं. कारण तानाजीच्या गोष्टीत त्यांनी कमलकुमारी आणली: सती जायला निघालेली राजपूत विधवा, जिला गडाचा किल्लेदार उदयभानू पळवून आणतो आणि जबरदस्तीनं लग्न लावू पाहतो. सभासदाच्या बखरीत ती नाही, तुळशीदासाच्या पोवाड्यात नाही. पण ती आली आणि नाटक-सिनेमावाल्यांचं काम झालं. 1923 साली बाबूराव पेंटरांनी याच कादंबरीवर 'सिंहगड' हा मूकपट काढला. त्यात शेलारमामा झाले होते व्ही. शांताराम, आणि दहा वर्षांनी प्रभातचा बोलका 'सिंहगड' दिग्दर्शित केला तो त्यांनीच. गिरणगावातल्या माणसांना ते दोन्ही माहीत होते. आजोबांच्या खोलीत शेलारमामाच्या पार्टावरून भांडण झालं त्याचं कारण शांताराम, असं थोरले काका सांगायचे.

आजोबांनी कादंबरी कापून तिचं नाटक केलं, एका जाड हिशेबाच्या वहीत. ती वही पुढं महाडला एका नातेवाइकांकडे तळमजल्यावर होती आणि जुलै 2021 च्या पुरात गेली. माझ्याकडे उरली आहे ती शेलारमामाची नक्कल. हल्लीच्या नाटकवाल्यांना हे सांगावं लागतं: तेव्हा नाटकाची वही एकच असायची आणि प्रत्येक नटाला फक्त त्याच्यापुरती नक्कल उतरवून मिळायची. आधीच्या नटाच्या वाक्यातले शेवटचे दोन-तीन शब्द, खाली रेघ, मग आपलं भाषण. आपण नसू तेव्हा रंगमंचावर काय चाललंय याचा पत्ता नटाला तालमीतच लागायचा. जांभळ्या शाईतली ही नक्कल वाचताना मजा वाटते. म्हातारा येतो, भाच्याला हात धरून उभा करतो, ओरडतो, परत येतो. कमलकुमारीचं नावही शेवटाकडे एकदाच. एवढ्या नकलेवरून नाटक लावलं तर हरिभाऊ दिसणारच नाहीत, नुसता पोवाडा दिसेल.

तो पोवाडा आमच्याकडे तोंडी होताच. छापून आला तो 1891 साली, ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी जुने पोवाडे गोळा केले तेव्हा. वडाळ्याचं कुष्ठरोग्यांचं रुग्णालय ज्याच्या नावानं ओळखतात तोच हा ॲक्वर्थ साहेब. मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर आणि छंद असला! माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण पोवाडा सुरुवातीपासून पाठ होता: जिजाबाईंचा हट्ट, तानाजीच्या मुलाच्या, रायबाच्या लग्नाचं आवतण, ऐंशी वर्षांचे शेलारमामा, यशवंती घोरपड, सगळं.

तालमी खोलीतच व्हायच्या, पण शिवाजी महाराज रातपाळीला आणि तानाजी दिवसपाळीला. एक अंथरुणातून उठायचा तेव्हा दुसरा भोंग्याला पळायचा. त्यामुळे तानाजी महाराजांची रजा घ्यायला जातो त्या प्रवेशात महाराजांच्या जागी खाणावळीत जेवायला येणारा कुणीही उभा केला जायचा. दोघांची खरी गाठ पडली ती थेट गावी, तोंडाला रंग लागल्यावर. थोरले काका म्हणायचे, त्या पहिल्या प्रयोगात महाराज तानाजीकडे जे टक लावून बघत राहिले त्याला लोकांनी अभिनय समजून टाळ्या दिल्या; ते बिचारे याची दाढी कुठं संपते आणि तोंड कुठं सुरू होतं ते शोधत होते.

पार्ट वाटले जायचे वर्गणीवर. हे कोकणात सगळीकडेच होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्याची वर्गणी मोठी त्याला महाराजांचा जिरेटोप. उदयभानूचा पार्ट स्वस्तात जायचा, पण त्याला भाषणं लांब, म्हणून हौशी माणसं तो मागून घ्यायची. तानाजीचा मात्र लिलाव नाही. उमरठकर पाहुणे पुढच्या रांगेत बसणार, त्यांच्यातले निम्मे मालुसरे. त्यांच्यासमोर पैसे मोजून तानाजी होण्याची हिंमत कुणाची? गावकीनं बसून माणूस ठरवला: अंगानं भरलेला, आवाजाचा, आणि नाटकाआधी महिनाभर दारूला शिवणार नाही असा शब्द देवळात दिलेला. तीन अटींपैकी शेवटची फार जड गेली म्हणतात.

ड्रेपरी मुंबईहून भाड्यानं यायची. अंगरखे, पत्र्याच्या तलवारी, दाढीमिशांचा डबा, आणि तीन पडदे: राजवाडा, रस्ता, जंगल. पेट्या एसटीच्या टपावरून पोलादपूरपर्यंत, तिथून पुढं डोक्यावर. कापणी झालेल्या खाचरात मांडव. खाली दारूगोळ्याचे म्हणून मिळालेले रिकामे खोके, वर घरोघरची काढून आणलेली दारं, त्यामुळे नाटकाच्या रात्री वाडीतली निम्मी घरं उघडी. उजेडाला भाड्याच्या गॅसबत्त्या.

कोंढाण्याचा, म्हणजे सिंहगडाचा, कडा कसा दाखवायचा हा प्रश्न आजोबांनी पडद्यावर सोडलाच नाही. मांडव मुद्दाम वरच्या खाचराच्या बांधाला टेकवून घातलेला. दगडी बांध, दीड पुरुष उंच. तो प्रवेश आला की जंगलाचा पडदा गुंडाळून वर घ्यायचा, गॅसबत्त्यांवर गोणपाट टाकायचं, पेटीमास्तरानं भाता सोडून द्यायचा. अंधारात बांध नुसता काळा. मग बांधावरून एक खडा घरंगळायचा, पाठोपाठ दोर पडायचा, आणि मावळे एकेक करून चढायचे. खरोखरीचे, अनवाणी, दगडांच्या फटीत बोटं घालून. बांधाच्या माथ्यावर पोचले की वर लपलेली पोरं वाळलेल्या गवताच्या चुडी पेटवायची. आजी सांगायची, त्या उजेडात चढणाऱ्यांच्या पाठी घामानं अशा चमकायच्या की बायकांनी तोंडाला पदर लावलेले असायचे.

घोरपड गोणपाटाची, पोटात पेंढा, अंगाला काजळ. वरून एक पोरगा सुतळीनं ओढायचा. एका वर्षी सुतळी तुटली आणि यशवंती अर्ध्या कड्यावरून तबलजीच्या मांडीवर आली. पोवाड्यातही घोरपड आधी माघारी फिरते आणि तानाजी तिला दम भरतो, त्यामुळे लोकांना वाटलं हे मुद्दामच. तानाजीनंही प्रसंग ओळखून तबलजीच्या मांडीवरच्या घोरपडीला दम भरला. बखरीत घोरपड नाहीच. सभासदानं निवडक मावळे वानरांसारखे कडा चढून गेल्याचं लिहिलंय, तीनशे माणसांची गोष्ट सांगितलीय आणि ढाल तुटल्यावर तानाजीनं डाव्या हाताची ढाल केली म्हटलंय. सिंहगड हे नाव तर 1663 च्या पत्रात सापडतं, म्हणजे 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्रीआधीच गड सिंहगड होता. हे मी एकदा आजीला सांगितलं. ती म्हणाली, "आसंल. तवा दुसरा कोन शिंव्ह व्हता, त्ये बग." मला अजून उत्तर मिळालेलं नाही.

आजीचं भांडण कमलकुमारीशी होतं. पार्ट करायचा एक बारीक आवाजाचा चुलत दीर. नेसायला आजीचं लग्नातलं लुगडं, गळ्यात आजीची ठुशी, आणि रडायला तीन प्रवेश. बायका मांडवाच्या डाव्या अंगाला बसायच्या. तिथून आजी कुजबुजायची ती पुरुषांच्या बाजूला ऐकू जायची: "कमळीला रडायला तीन पडदे. आन् ज्या घरात मांडव घातलेला त्या घरातली बाई कुठं हाय?" बरोबरच होतं. घरचं लग्न टाकून नवरा गडावर गेला, हे वाक्य नाटकात चार जण मोठ्या आवाजात म्हणायचे. ज्या बाईनं ते लग्न मांडलं होतं तिला आजोबांच्या वहीत एकही भाषण नव्हतं.

पहिल्या वर्षी नाटक संपलं. महाराज बोलले, पडदा पडला, नारळ फुटला. आणि उमरठकर उठेनात. आजोबा हात जोडून पुढं गेले तर त्यांच्यातला एक म्हातारा काठीवर हनुवटी ठेवून म्हणाला, "ब्येस झालं. पर आमच्याकडं कवा आणताय त्येला?"

पुढच्या वर्षी आणला. हा अंक आजोबांनी लिहिलेला नाही. त्यांना रजाच मिळाली नव्हती, आणि हरिभाऊंच्या कादंबरीतून काढायचा तर काढणार कुठून? तो गावात झाला, माजघरात आणि पाणवठ्यावर, पोवाड्याच्या आधारानं. गावदेवीची पालखी नाटकात घ्यायची नाही असं ठरलं, म्हणून डोली घेतली. आजारी माणसाला पोलादपूरला न्यायला वापरायचे तीच, वाडीतली एकुलती एक. ती रंगमंचामागून न आणता लोकांच्या मधून आणली, वरच्या वाटेनं, घाट उतरल्यासारखी. पुढं खालूबाजा, तोही वाजत नाही, नुसता खांद्याला. रायबाची आई म्हणून जो उभा राहिला त्याला याही वेळी भाषण नव्हतं, पण आजीनं सांगून ठेवलेलं की त्यानं मांडवाच्या मेढीला बांधलेले आंब्याचे टहाळे सोडायला लागायचं. एवढंच करायचं. तो टहाळे सोडत असताना डाव्या अंगाच्या बायकांनी असा हंबरडा फोडला की खऱ्या भटजींनी जानवं कानाला लावलं.

मग महाराज येतात, सोडलेले टहाळे पुन्हा बांधायला सांगतात आणि रायबाचं लग्न लावतात. पोवाड्यातही ते असंच लागतं.

ते नाटक वीसेक वर्षं या ना त्या वर्षी होत राहिलं. एकदा परळला दामोदर हॉलमध्येही मुंबईकर मंडळानं केलं, पण तिथं बांध नव्हता आणि शिडीवरून चढणारे मावळे कुणाला आवडले नाहीत. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, वर्गण्या बंद पडल्या, खोली विकली गेली. आताच्या पोरांचा तानाजी 2020 च्या हिंदी सिनेमातला. त्यांनी तो मोबाइलवर पाहिलाय आणि त्यांना तो आवडतो; मी तक्रार करणारा कोण?

लग्नाचा अंक मात्र म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून निघतो, आणि त्याचं कारण हिशेबाचं आहे. त्या अंकात मंगलाष्टकं पूर्ण म्हणायचे, प्रेक्षकांत अक्षता वाटायचे, आणि लोक अक्षता टाकून थांबायचे नाहीत. लग्न म्हटल्यावर आहेर आला. एकेक जण उठून रंगमंचावर जायचा, रायबाच्या कपाळाला टिळा लावून सव्वा रुपया, कुणी खण, कुणी पायली तांदूळ ठेवायचा. मागे एक जण खरी आहेराची वही घेऊन नावं लिहायला बसलेला, कारण आहेर परत फेडावा लागतो. तांदूळ दुसऱ्या दिवशी पंगतीला जायचे. पैशांतून ड्रेपरीवाल्याची राहिलेली बाकी भागायची. पुढं पुढं तर तो उधारीवर पेट्या देताना स्वतःच विचारायचा, "यंदा लग्न धरलंय ना?"

रायबा व्हायचे आमचे थोरले काका. सलग पाच-सहा वर्षं, मिसरूड फुटेपर्यंत. पुढं त्यांचं खरोखरचं लग्न झालं, त्याच मांडवात, त्याच मेढींना टहाळे बांधून. निम्मी वाडी हात हलवत आली, जेवली आणि निघताना सांगून गेली, "तुझा आहेर वहीत हाय रं, बग काढून."