लडाखचे स्थलदर्शक नकाशे

लडाखचे स्थलदर्शक नकाशे : या प्रदेशाची त्रिकोणमितीय मोजणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास टी. जी. माँटगोमेरी यांच्या देखरेखीखाली झाली. १८५६ मध्ये काश्मीरमधून काराकोरमचे वेध घेताना त्यांनी शिखरांना दिलेल्या खुणांपैकी ‘के२’ आजही रूढ आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. समोच्च रेषा तपकिरी असतात, हिमाच्छादित भागात मात्र निळ्या. दाट रेषा तीव्र उतार दाखवतात. चांगथांगच्या पठारावर त्या विरळ होतात. कोरडे प्रवाह काळ्या रंगात असतात. प्रवाशाने ते विशेष जपून वाचावेत, कारण उन्हाळ्यात बर्फ वितळून सकाळचा उथळ ओढा दुपारनंतर ओलांडण्याजोगा राहत नाही, आणि नकाशावर ही वेळ कुठेच नसते.