बातमी, ग्रुप आणि निष्ठा : अभ्यासकांसाठी प्रस्तावना

राजकीय बातमी माणसापर्यंत कशी पोहोचते आणि पोहोचल्यावर त्याला कोणत्या बाजूला नेते, याचा पद्धतशीर अभ्यास सुरू होऊन साधारण शंभर वर्षेच झाली आहेत. फेसबुक आणि अमेरिकेतल्या निवडणुका यांच्याकडे आपण जाऊच, पण सुरुवात पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांपासून करावी, असा माझा आग्रह आहे.

२ जुलै २०२३ रोजी राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. एकेकाळी शरद पवारांचे स्वीय सहायक असलेले आंबेगावचे आमदार दिलीप वळसे पाटील त्या दिवशी अजित पवारांबरोबर मंत्री झाले. मूळचे नारायणगावचे असलेले खासदार अमोल कोल्हे त्या शपथविधीला हजर होते; दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपण शरद पवारांसोबत असल्याचे सोशल मीडियावरून जाहीर केले. २०२४च्या लोकसभेला शिवसेनेचे माजी खासदार शिवाजीराव आढळराव पाटील अजित पवारांच्या राष्ट्रवादीच्या घड्याळ चिन्हावर उभे राहिले, म्हणजे ज्या पक्षाशी अनेक निवडणुका लढले त्याच पक्षाचे उमेदवार झाले. जुन्नरचे शरद सोनवणे २०१४ला मनसेचे आमदार होते, २०१९ला शिवसेनेकडून हरले आणि २०२४ला अपक्ष म्हणून निवडून आले.

हे वाचून कोणी म्हणेल, इथे विचारसरणी कुठे आहे? घाईने काढलेला हा निष्कर्ष मला मान्य नाही. फूट पडल्यावर जे दोन शब्द स्टेटसवर, रीलवर आणि ग्रुपमध्ये सर्वाधिक झळकले ते ‘निष्ठावंत’ आणि ‘गद्दार’. डावे-उजवे या मोजपट्टीवर ते कुठेच बसत नाहीत. तरीही त्यांच्यामागे एक भूमिका आहे : ज्याने मोठे केले त्याचे ऋण मोठे, की तालुक्याची कामे मार्गी लागणे मोठे? हा राजकीय नीतीचा प्रश्न आहे आणि तो विचारणारी माणसे विचार करूनच बोलत असतात. शांतो अय्यंगार आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये दाखवले, की अमेरिकेत धोरणांवरच्या मतभेदांपेक्षा पलीकडच्या पक्षाविषयीची नावड वेगाने वाढली आहे. ही संकल्पना आपल्या उपयोगाची आहे, पण एका अडचणीसह. तिथे पक्ष जागच्या जागी राहतो, इथे पक्षच कार्यकर्त्याच्या पायाखालून सरकतो. मग राग कोणाला चिकटून राहतो? नेत्याला, चिन्हाला, की गावातल्या जुन्या विरोधी गटाला? या प्रश्नाचे उत्तर बाहेरून आणता येणार नाही.

विचारांची लढाई या मातीला नवी नाही. १८८०च्या दशकात जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी ब्राह्मण पुरोहिताशिवाय घरचे लग्न लावले आणि जोशीपणाच्या हक्काचा वाद कोर्टापर्यंत गेला. सत्यशोधक समाजाचा आवाज तेव्हा ‘दीनबंधू’ हे पत्र होते. कृष्णराव भालेकरांनी ते १८७७मध्ये पुण्यात सुरू केले आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून चालवले. वाचता येणारे थोडे आणि ऐकणारे पुष्कळ, असा तो काळ. त्यामुळे छापलेल्या मजकुराला वाचून दाखवणाऱ्याचा सूर आणि त्याची भूमिका चिकटत असणार. अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या इरी कौंटीत १९४०च्या निवडणुकीचा अभ्यास करताना लाझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांना हीच गोष्ट दिसली : माध्यमांचा मजकूर आधी जाणत्या माणसांकडे आणि त्यांच्या तोंडून इतरांकडे जातो. आज त्या जाणत्याच्या जागी ग्रुपचा ॲडमिन बसला आहे का, हे पाहायला हवे.

एली पॅरिसरने २०११मध्ये इशारा दिला, की यंत्र आपल्याला आपल्याच मतांच्या बुडबुड्यात कोंडते. २०२३मध्ये ‘सायन्स’ आणि ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासांनी त्यात मोठी दुरुस्ती केली. अमेरिकेच्या २०२०च्या निवडणुकीत काही वापरकर्त्यांच्या फेसबुक-इन्स्टाग्रामवरील मजकुराचा क्रम बदलून पाहिला. त्यांना दिसणारे बदलले, मते मात्र त्या काही महिन्यांत फारशी हलली नाहीत. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये तर पोस्टची निवड यंत्र करतच नाही. तिथे भावकी असते, सोसायटी असते, टोमॅटोचे बाजारभाव असतात. गावाच्या ग्रुपमधून विरोधकाला काढणे सोपे नसते, कारण उद्या त्याच्याच घरच्या लग्नाला जायचे असते. म्हणून इथला माणूस बुडबुड्यात आहे असे गृहीत धरू नका. ८ डिसेंबर २०२३ला केंद्राने कांदा निर्यातबंदी केली आणि त्याच महिन्यात शिवनेरीपासून पुण्यापर्यंत शेतकरी आक्रोश मोर्चा निघाला. त्या दिवसांत कांद्याच्या पोस्टने गटांच्या भिंती ओलांडल्या की कांदासुद्धा एका गटाचा झाला, हे तपासणारा अभ्यास मला फार मोलाचा वाटेल.

लोकांना शिकवले की खोट्या बातम्या थांबतील, या आशेने येणाऱ्यांनी सुमित्रा बद्रीनाथन यांचा बिहारमधला प्रयोग आधी वाचावा. २०१९च्या निवडणुकीच्या वेळी घरोघरी जाऊन दिलेल्या प्रशिक्षणाचा खोटी बातमी ओळखण्यावर सरासरीने परिणाम दिसला नाही.

आणखी दोन गोष्टी पद्धतीविषयी. गाव लहान असते. ‘एका वाडीतला माजी सरपंच’ एवढे लिहिले तरी माणूस ओळखू येतो, म्हणून नाव गाळणे पुरेसे नाही. दुसरे, सगळा तालुका फोनवर आहे असे समजू नका. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गेले, ती बातमी बाहेर आली एसटीच्या चालकामुळे. पश्चिमेचा आदिवासी पट्टा आणि घरातल्या एकाच फोनवर पाळी लावणाऱ्या बायका सर्वेक्षणातून सर्वांत आधी निसटतात.

नोव्हेंबर २०२४च्या विधानसभेला आंबेगावात वळसे पाटलांनी शरद पवार गटाचे देवदत्त निकम यांना १,५२३ मतांनी हरवले. निकमांचे चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाचे चिन्ह ट्रम्पेट, त्याला २,९६५ मते पडली. इतक्या पोस्ट फिरूनही चिन्हाची साधी माहिती किती जणांपर्यंत नीट पोहोचली होती? त्यातली कोणती मते जाणून दिलेली आणि कोणती गफलतीने, हे मतमोजणी सांगत नाही. प्रचाराच्या पोस्ट आणि मतदारांच्या मुलाखती सांगू शकतील. कोणीतरी हे काम आताच हाती घ्यावे, कारण फोनची मेमरी भरली की त्या पोस्ट पुसल्या जातात.