रामटेक

रामटेक : नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, टेकडीवरील प्राचीन मंदिरसमूह आणि विदर्भातील मोठे तीर्थक्षेत्र. नागपूरच्या ईशान्येस सुमारे ५० किमी. रामगिरी, सिंदूरगिरी आणि तपोगिरी ही टेकडीची जुनी नावे. गावातले लोक नुसते ‘गड’ म्हणतात आणि वरच्या राममंदिराला ‘गडमंदिर’.

वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीहून निघणाऱ्याला हा प्रवास जेमतेम सव्वाशे किलोमीटरचा. तो करावा मात्र पवनारला थांबून. विनोबा भावे १९३२ पासून नालवाडीत राहत होते आणि १९३८ मध्ये धाम नदीकाठी पवनारला गेले. तिथे आश्रमाची जमीन खणताना जुनी शिल्पे निघाली, त्यांत राम-भरत भेटीचेही एक आहे. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार, असे मत मांडले होते. पुढे रामटेकजवळच्या मनसरच्या उत्खननानंतर काही अभ्यासकांनी हा मान मनसरला दिला आणि वाद अजून मिटलेला नाही. निकाल काहीही लागो, पवनार आणि रामटेक एकाच राजघराण्याच्या मुलखात होते हे ध्यानात ठेवून गड चढला तर वरचे दगड जास्त बोलतात.

रामटेकला येणारा बहुतेक भाविक थेट रामाकडे जातो. ही वाट थोडी वाकडी करायला हवी, कारण गडावरचे सर्वांत जुने अवशेष राममंदिरात नाहीत. ते आहेत केवल नरसिंह, रुद्र नरसिंह, वराह आणि त्रिविक्रम या विष्णूच्या इतर अवतारांच्या स्थानी. ही कामे इसवी सनाच्या पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली. नरसिंहाच्या दोन्ही मूर्ती बसलेल्या, अंगाने भरदार, हातात चक्र घेतलेल्या. हिरण्यकशिपू कुठेच नाही, फाडलेले पोट नाही; हा नरसिंह राज्य करायला बसल्यासारखा स्वस्थ आहे. वराह तर पूर्ण पशुरूपात, एकाच दगडातून घडवलेला. त्याच्या पोटाखालून सरपटत पलीकडे निघणारा निष्पाप, अडकणारा पापी, अशी समजूत आहे. स्थूल माणसांवर यात सरळ अन्याय होतो. पण ही परीक्षा देणाऱ्यांचा उत्साह कमी झालेला नाही.

या सगळ्याच्या मागे एक बाई उभी आहे. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याला दिली होती. नवरा लवकर गेला, मुले लहान, तेव्हा कारभार तिने हाती घेतला. रिद्धपूरला सापडलेला तिचा ताम्रपट ‘रामगिरिस्वामी’च्या पायांपाशी, म्हणजे याच टेकडीवरून, दिलेला आहे. केवल नरसिंहाच्या देवळात भिंतीवरचा गिलावा काढताना एक शिलालेख उघडा पडला. तो बराच झिजला आहे. तरी मुलीने आईच्या, म्हणजे प्रभावतीच्या, पुण्यासाठी हे देऊळ उभारले असावे असे अभ्यासक त्यातून वाचतात. वाकाटकांची आधीची राजधानी नंदिवर्धन म्हणजे गडापासून जवळच असलेले नगरधन. तिथे २०१५ ते २०१८ दरम्यान झालेल्या उत्खननात प्रभावतीच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. राजधानी खाली, देव वर, अशी ही मांडणी होती.

गडाचे दुसरे नाते कालिदासाशी. ‘मेघदूता’तला यक्ष ज्या रामगिरीवर शिक्षा भोगतो तो रामटेक, हे मिराशींनी हिरिरीने मांडले आणि मराठी मनाने ते कधीच मान्य करून टाकले. टीकाकार मल्लिनाथ मात्र चित्रकूट सांगतो आणि सरगुजातील रामगढ टेकडीचाही दावा आहे. कालिदास गुप्त दरबारातला मानला, तर प्रभावतीच्या दरबाराचे गुप्तांशी असलेले नाते पाहता रामटेकची बाजू जड वाटते. गडावर कालिदास स्मारक आहे आणि १९९७ मध्ये स्थापन झालेले कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ रामटेकलाच आहे.

तेराव्या शतकात यादव राजा रामचंद्राच्या काळचा लेख लक्ष्मणमंदिरात कोरला गेला. त्यात टेकडीवरच्या आणि परिसरातल्या तीर्थांची नावे येतात. म्हणजे तोवर इथली यात्रा चांगलीच रुळली होती. त्याच शतकात गुजरातचा हरिपाळदेव रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून घराबाहेर पडला, रिद्धपूरला गोविंदप्रभूंना भेटला आणि पुढे चक्रधरस्वामी झाला. चक्रधरांच्या पंथाला, म्हणजे महानुभावांना, गडावरचे भोगराम देऊळ म्हणूनच महत्त्वाचे.

आजचे गडमंदिर, तटबंदी आणि दरवाजे यांवर नागपूरकर भोसल्यांची छाप आहे. पहिल्या रघूजींनी अठराव्या शतकात राममंदिराचा जीर्णोद्धार केला. सध्याच्या मूर्ती सूर नदीत सापडल्या असे सांगतात. वराह, सिंगपूर, भैरव आणि गोकुळ अशा दरवाजांतून आत जावे लागते, त्यामुळे देवळात शिरतोय की किल्ल्यात, असा प्रश्न पडतो. उत्तर दोन्ही असेच आहे.

राममंदिराच्या वाटेवर धूम्रेश्वर महादेव आहे. स्थानिक कथेप्रमाणे तप करणाऱ्या शंबूकाचा रामाने इथे वध केला. मरताना त्याने रामाने इथेच राहावे आणि रामाआधी आपली पूजा व्हावी असे वर मागितले. धूम्रेश्वराचे लिंग म्हणजे तोच शंबूक. शूद्राने तप केले म्हणून त्याला मारण्याची ही कथा आज कुणालाही सुखाने ऐकता येणार नाही. पण ज्याला मारले त्याच्या पाया आधी पडा, ही अट गडाने तरी विसरलेली नाही.

पायथ्याशी अंबाळा तलाव. भोवती घाट आणि लहान-मोठी देवळे. अस्थिविसर्जन आणि पिंडदान इथेच चालते. पायऱ्यांनी चढायचे तर इथून. खिंडसी तलावाच्या अंगाने वर गाडीरस्ताही आहे. गडामागची कपूर बावडी थोडी आडबाजूला असल्याने शांत मिळते. गावातले शांतिनाथ दिगंबर जैन मंदिर हे स्वतंत्र तीर्थ. रामनवमीला आणि त्रिपुरी पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. त्रिपुरीच्या रात्री देवाचे वर्षभराचे पीतांबर मंदिरावर जाळतात आणि ती ज्योत पाहायला लोक जागतात.

रामटेकचे पान एकेकाळी दूरवर जाई. बारई समाजाने वाढवलेले इथले पानमळे गावाची जुनी ओळख. मनसर भागात मँगनीजच्या खाणी आहेत. १९८४ आणि १९८९ मध्ये पी. व्ही. नरसिंह राव इथूनच लोकसभेवर गेले. नागपूरहून रेल्वेची शाखा आणि एसटी दोन्ही आहेत. उन्हाळ्यात चढायचे तर पहाटे. प्रसादाची पिशवी वानरांच्या नजरेस पडू देऊ नये.