सर्वसाधारण सभा : सभासदांचे हक्क

स्वयंसेवी संस्थेतील सर्वोच्च अधिकार सभासदांच्या सर्वसाधारण सभेचा असतो. भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादमधील एखादे मंडळ वा रहिवासी समिती नोंदवायची, तर मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ लागू होतो. महाराष्ट्रात १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम. संस्थेची घटना हा सभासदांमधला करारच असतो. कार्यकारिणीने कितीही कष्ट उपसले असले, तरी त्याबाहेरचा अधिकार तिला मिळत नाही.

अतिक्रमण बहुधा ‘आयत्या वेळचे विषय’ या दारातून शिरते. किरकोळ बाबींसाठी राखलेल्या या जागी वर्गणीवाढ किंवा घटनादुरुस्ती आणली, की सभेला न आलेल्याचा हक्क परस्पर बुडतो. हा अन्यायच आहे. १८६० च्या कायद्यानुसार संस्थेची उद्दिष्टे बदलायची, तर विशेष सभेच्या १० दिवस आधी प्रत्येक सभासदाला लेखी प्रस्ताव, तीन-पंचमांश मते आणि महिन्याभराने दुसऱ्या सभेत तितक्याच प्रमाणात पुन्हा मंजुरी लागते. इतिवृत्ताची वही बारकाईने पाहावी. ठरावाखाली सूचक-अनुमोदकांची नावे नसतील, अध्यक्षांच्या सहीच्या वर ओळी कोऱ्या असतील, तर इतिवृत्त कायम होण्यापूर्वीच हरकत नोंदवावी.

सभासदाला काढताना घटनेतील नियम काटेकोर पाळावेत आणि त्याला बाजू मांडू द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने टी. पी. दावर विरुद्ध लॉज व्हिक्टोरिया या खटल्यात सांगितले आहे. मध्य प्रदेशात किमान एक-तृतीयांश सभासदांना कलम ३२ खाली निबंधकाकडे चौकशी मागता येते.