साडेचारशेचा मोह

ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेल कंपनीने सेलेरॉन ३००ए नावाची एक स्वस्त चिप बाजारात आणली. कवीने चिपविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण माझा आणि तिचा एक जुना हिशेब आहे.

संगणकाच्या प्रोसेसरला एक ठेका असतो. ३०० मेगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला तीस कोटी ठोके. हा आकडा गुणाकारातून येतो: मदरबोर्डचा मूळ ठेका ६६ आणि प्रोसेसरचा गुणक साडेचार. गुणकाला इंटेलने कुलूप घातले होते, पण मूळ ठेका बोर्डाच्या हातात होता. तो ६६ चा १०० केला की तीनशेची चिप साडेचारशेने पळू लागे. इंटेलची साडेचारशेची पेंटियम-२ त्याच महिन्यात आली होती, पण कितीतरी जास्त किमतीला. कोणी चिपच्या बी-२१ क्रमांकाच्या पट्टीवर चिकटपट्टी लावत. मग बोर्डाला ही चिप १०० च्या ठेक्याचीच वाटे. या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. जगभरातल्या हौशी पोरांना त्या चिपने वेड लावले.

ते वेड १९९९ मध्ये आमच्या सोलापूरच्या घरातही शिरले. धाकटा भाऊ पॉलिटेक्निकला होता. सुटे भाग आणून त्याने घरीच संगणक जोडला. "भाई, दीडपट वेग, तोही फुकटात!" मी त्यावर माझा कवितासंग्रह टाइप करत होतो. कवितेला वेग कशाला हवा, हे विचारायचे मला सुचले नाही.

थंडीत सगळे सुरळीत चालले. एप्रिल उजाडला आणि दुपारी तीनच्या सुमारास पडदा गोठू लागला. कारण साधे होते. एका ठोक्यातून दुसरा पडण्याआधी विजेचा संकेत ठरल्या जागी पोहोचावा लागतो. चिप तापली की तो रेंगाळतो आणि पुढचा ठोका आधीच पडतो. व्होल्टेज थोडे वाढवले तर संकेत जोर धरतो, पण चिप आणखी तापते. भावाने पंख्यातली धूळ काढली, पेटीची बाजू उघडून टेबलफॅन लावला. पण चाळीस अंशांच्या वर गेलेल्या हवेचा झोत तो काय गारवा देणार?

मग त्याने मधला मार्ग काढला. १०० नको, ८३ चा ठेका. गुणाकार सुमारे ३७४. गोठणे थांबले. खात्रीसाठी त्याने प्राइम९५ हा प्रोग्रॅम रात्रभर चालवला. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी मोहीम सुरू केली, तिच्यातला हा प्रोग्रॅम. ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी अवाढव्य गणिते तो प्रोसेसरकडून पुन्हा पुन्हा करून घेतो. एक आकडा चुकला तरी चोरी पकडली जाते. सकाळपर्यंत एकही चूक नव्हती. आम्ही निर्धास्त झालो.

पंधरवड्याने एक कविता उघडली तर अर्ध्या पानावर जोडाक्षरांचा चुरा. दुसरी फाइल उघडेचना. आधी व्हायरसवर संशय गेला, मग मेमरीवर. शेवटी भावाने एक भलीमोठी फाइल कॉपी केली आणि मूळ व प्रत अक्षर न् अक्षर ताडून पाहिली. दोन्ही वेगळ्या निघाल्या.

खरी गोम इथे होती. हार्ड डिस्कची ये-जा ज्या पीसीआय नावाच्या वाटेने होते तिचा ठेका ३३ चा. बोर्ड ६६ वर असला की तो निम्मा होतो, १०० वर असला की एकतृतीयांश, म्हणजे दोन्हीकडे ३३ च. आमच्या बोर्डावर ८३ ला मात्र तो निम्माच राहिला: साडेएकेचाळीस. डिस्कची ती वाट बेताल झाली होती. प्राइम९५ प्रोसेसर आणि मेमरी तपासतो, डिस्कवर लिहिलेले नाही. शंभरावर यंत्र निदान गोठून सांगत तरी होते. ८३ वर ते मुकाट्याने कविता बिघडवत राहिले. भावाने ठेका ६६ वर आणला आणि खोड गेली. दोष चिपचा नव्हता, आमचा होता.

पुढच्याच वर्षी खुद्द इंटेलचे पाऊल घसरले. मार्च २००० मध्ये एएमडीने एक गिगाहर्ट्‌झचा टप्पा दोन दिवस आधी गाठला होता. जुलैअखेर इंटेलने १.१३ गिगाहर्ट्‌झची पेंटियम-३ जाहीर केली. थॉमस पाब्स्ट या जर्मन परीक्षकाला तिच्यावर लिनक्सचा गाभा नीट कंपाइल होईना. इतरांनीही पडताळले आणि २८ ऑगस्टला इंटेलने चिप परत मागवली. शहाणीसुरती कंपनी, पण तिच्याकडूनही कारखान्यातच जणू ओव्हरक्लॉकिंग झाले. भावाने ती बातमी मला दोनदा वाचून दाखवली.

माझ्या कविता वहीत होत्या, त्या वाचल्या. पण पडद्यावर केलेल्या दुरुस्त्या वहीत नव्हत्या. बऱ्याचशा आठवून पुन्हा केल्या. एका कवितेची शेवटची ओळ मात्र काही केल्या आठवली नाही. संग्रहात तिची जुनीच ओळ छापली आहे.