रामशास्त्री निघून गेले, मग राज्य कुणी सांभाळलं?

सावली हे झाडीपट्टीतलं गाव. या भागात दिवाळी सरली की नाटकांचा मोसम सुरू होतो आणि रात्री बसलेला प्रेक्षक पहाटेच उठतो. नाटकातला एक प्रसंग कुठल्याही प्रेक्षकाला आवडतो : प्रामाणिक माणूस मालकाच्या तोंडावर नोकरी फेकतो आणि निघून जातो. टाळ्या पडतात. पण तो गेल्यावर मागे काय झालं, हे आपण सहसा विचारत नाही.

मराठी रंगभूमीवर असा सगळ्यात मोठा माणूस म्हणजे रामशास्त्री प्रभुणे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ १९०९ साली रंगभूमीवर आलं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला आणि काका राघोबादादा गादीवर आले. खुनात त्यांचा हात असल्याचं न्यायाधीश रामशास्त्र्यांना दिसलं. पेशव्याला त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. नाटकातला हा दरबार अजूनही अंगावर काटा आणतो.

आता दरबाराबाहेर बघू. शिक्षा सुनावली, पण ती अंमलात आणणार कोण? फौज आणि खजिना तर गुन्हेगाराच्याच हातात. शास्त्रीबुवा स्वच्छ राहिले. राघोबा पेशवेच राहिले.

त्यांना हटवलं ते बारभाईंनी. नाना फडणीस, सखारामबापू बोकील आणि इतर कारभारी कारस्थानाला लागले. नारायणरावांची गरोदर पत्नी गंगाबाई हिला पुरंदरावर नेलं. १८ एप्रिल १७७४ला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. राघोबा इंग्रजांकडे गेले, १७७५चा सुरतेचा तह झाला, लढाई पेटली आणि १७८२च्या सालबाईच्या तहापर्यंत चालली. नानांनी हेर पेरले, माणसं फोडली, शब्द फिरवले. संताचं हे काम नव्हे. पण गादी वाचली, आणि गादी वाचली म्हणूनच रामशास्त्री न्यायासनावर परत येऊ शकले.

म्हणजे नाना बरोबर आणि शास्त्रीबुवा भाबडे? इतकं सोपं असतं तर खाडिलकरांना आधीचं ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ लिहावंच लागलं नसतं. ‘हॅम्लेट’ आणि ‘ऑथेल्लो’ची छाया असलेल्या या शोकांतिकेत पुरंदरावर जन्मलेलं तेच बाळ तरुण झालंय. नानांनी त्याला शत्रूंपासून जपलं, पण इतकं जपलं की त्याला स्वतःचं असं आयुष्यच उरलं नाही. इतिहासात तो १७९५ साली, एकविसाव्या वर्षी, शनिवारवाड्याच्या सज्जातून पडून गेला. राज्यासाठी ज्याला वाचवलं, त्याच मुलाचं मोल राज्याला द्यावं लागलं.

ही दोन्ही नाटकं शेजारी ठेवून वाचा. एकटा सद्गुण निकाल देतो, पण अंमल करू शकत नाही. एकटं कर्तव्य राज्य राखतं, पण माणूस गमावतं. आणि एक गोष्ट सहज नजरेतून सुटते : बारभाईंच्या बंडाला नैतिक बळ होतं, कारण एका न्यायाधीशाने पेशव्याला आधीच खुनी ठरवलं होतं. तो निकाल नसता, तर ते चार कारभाऱ्यांचं सत्तेचं भांडण ठरलं असतं. नानांना शास्त्र्यांची गरज होती, तशीच शास्त्र्यांना नानांची.

हा पेच सावलीनेही जवळून पाहिलाय. १९३६ साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन इथे भरलं. गांधीजी स्वतः आले होते आणि ‘गांधीवाद’ नावाची काही चीज नाही, असं त्यांनी इथेच सांगितलं. व्रतस्थ कार्यकर्त्यांच्या या संघापुढे राजकारणाचा प्रश्न उभाच होता. पुढच्या वर्षी हुदलीत सभासदांना विधिमंडळात जायची मोकळीक मिळाली. १९४०ला मालिकांदा इथे संघाने राजकारणातून अंग काढून घेतलं. चारच वर्षांत त्याच माणसांनी दोन्ही वाटा चालून पाहिल्या.

म्हणून पुढच्या वेळी कुणी राजीनामा देऊन निघालं, तर टाळी जरूर वाजवा. मग एवढं बघा : जाताना त्याने निकाल सगळ्यांसमोर सांगितला का? आणि तो निकाल हातात घेऊन मागे लढायला कुणी थांबलंय का?