शाळा न सोडता गुरुजींचे शिक्षण

शिक्षक हा जन्मावा लागतो, तो घडविता येत नाही, असे म्हणण्याचा आपल्याकडे परिपाठ आहे. परंतु गावोगावी शाळा काढावयाच्या तर जन्मजात शिक्षकांची वाट पाहून भागत नाही. शिक्षक घडवावेच लागतात. ते घडवावयाचे कसे, हा प्रश्न आमच्या परभणी जिल्ह्यापुढे दीर्घकाळ उभा होता.

त्याचे मूळ इतिहासात आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. घरची भाषा मराठी, तर दरबारची उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. साहजिकच मराठीतून उच्च शिक्षण घेऊन मराठीतून शिकविणारा वर्ग येथे मागे राहिला. पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला व १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. शाळा वाढल्या, आणि एक पेच उभा राहिला. जिंतूरच्या डोंगराळ भागातील एकशिक्षकी शाळेचा गुरुजी शिक्षणासाठी परगावी गेला, तर शाळेचे कुलूप उघडावयाचे कोणी? आणि न गेला, तर मुलांच्या वाट्यास घोकंपट्टीच यावयाची!

या पेचातून एक वाट निघाली, ती दूरशिक्षणाची. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. आपल्याकडे १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. प्रा. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. या विद्यापीठाने नोकरीतील पदवीधर शिक्षकांसाठी बी.एड.चा शिक्षणक्रम चालविला. स्वतःच वाचून समजावा असा पाठ्यग्रंथ, अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रे आणि वर्गात प्रत्यक्ष घ्यावयाचे पाठ, अशी त्याची मांडणी होती.

पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकांस किमान अर्हता आवश्यक केली. २०१७ च्या दुरुस्तीने अप्रशिक्षितांना ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत मिळाली, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या प्राथमिक शिक्षणाच्या पदविकेस देशभरातून दहा लाखांहून अधिक शिक्षकांनी नावे नोंदविली. पाठ्यग्रंथांच्या जोडीस आता दूरचित्रवाणी व इंटरनेट आले.

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. बालकाच्या मनाचे नियम ग्रंथ सांगू शकतो. परंतु फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या गुरुजीस 'मुलांकडे पाहा' असे ग्रंथ सांगू शकत नाही. त्यासाठी वर्गाच्या मागील बाकावर जाणता निरीक्षक बसावा लागतो. जेथे निरीक्षण नेमाने झाले, तेथे ही पद्धती निवासी विद्यालयाहून उणी ठरत नाही. किंबहुना आज वाचलेले उद्या आपल्याच वर्गात पारखून पाहण्याची सोय तिच्यातच आहे. जेथे निरीक्षण केवळ कागदावर उरले, तेथे प्रमाणपत्र हाती आले, विद्या नाही.

म्हणून अशा शिक्षणाची परीक्षा उत्तरपत्रिकेत नव्हे, तर दूरच्या वाडीतील शेवटच्या रांगेत बसलेल्या मुलास वाचता येते की नाही, यावरच व्हावयास हवी.